भिशीच्या पैशातला लॅपटॉप

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आकाशवाणीतून फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखं कविता वाचायला बोलावलं असेल. विषय ऐकला आणि चकित झालो. घरच्या आणि विद्यार्थ्यांच्या वापरासाठी स्वस्तातला लॅपटॉप कसा पारखावा, यावर बोला म्हणाले. मी म्हटलं, ‘अहो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. एखाद्या इंजिनिअरला विचारा.’ त्यावर उत्तर आलं, ‘इंजिनिअर बोलतात ते आमच्या श्रोत्यांना कळत नाही. मागच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी चहा घेताना तुम्ही तुमच्या पुतणीच्या लॅपटॉपची हकीकत सांगितली होती. तीच सांगा.’ तेव्हा ती हकीकत सांगतो. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाईलवर आल्या. माझा धाकटा भाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला. घरात फोन एकच, तोही काच तडकलेला. पुतणी तेव्हा आठवीत होती आणि तिचा भाऊ तिसरीत. दोघांचे तास एकाच वेळी असायचे. घरातला वडील माणूस म्हणून मी पुढं झालो आणि पंधरा हजारांचा एक लॅपटॉप आणून दिला. मी काय पाहून घेतला? झाकण गर्द निळं होतं, वजनाला हलका होता आणि दुकानदार म्हणाला, ‘पोरांसाठी एकदम मस्त.’ खोक्यावर २ जीबी आणि ३२ जीबी असे दोन आकडे होते. मी ते वाचले, पण त्यांचा अर्थ विचारला नाही. विचारायला लाज वाटली म्हणा ना!

पहिले तीन-चार महिने बरे गेले. मग ‘जागा शिल्लक नाही’ अशी पाटी यायला लागली. एके दिवशी घटक चाचणीच्या वेळी पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. पोरगी माझ्याकडं धावत आली, ‘बडे अब्बा, ये तो खुलताच नै.’ शेवटी तिनं तो पेपर तडकलेल्या फोनवर दिला. आकृत्यांचे निम्मे फोटो वेळेत चढलेच नाहीत. ती मला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तो लॅपटॉप पुढं कपाटावर गेला.

हे कशानं झालं, ते मला फार उशिरा कळलं. मे २०१९ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून विंडोज १० साठी कमीत कमी ३२ जीबी साठवण लागेल, असं मायक्रोसॉफ्टनं ठरवलं होतं. म्हणजे आमच्या यंत्रात जी जागा होती, ती या प्रणालीला स्वतःला मांडून बसण्यापुरतीच. तिच्यात वेळोवेळी सुधारणा येतात, अपडेट म्हणतात ते. एक मोठं अपडेट उतरवून घ्यायचं तर आणखी कित्येक जीबी मोकळे लागतात. यजमानालाच पाय पसरायला जागा नाही, तिथं पाहुणे कुठं उतरणार! यंत्र नादुरुस्त नव्हतं. ते पहिल्या दिवसापासूनच अपुरं होतं.

आता २०२५ च्या जूनमध्ये या. पुतणी बारावी झाली आणि तिनं बी.कॉम.ला प्रवेश घेतला. माझ्या भावजयीची भिशी लागली. पंधरा बायका, महिना दोन-दोन हजार, म्हणजे तीस हजार. भावजय म्हणाली, ‘या पैशाचा लॅपटॉपच घ्यायचा. पण भाईजान, या वेळी नीट बघून.’ त्या ‘नीट’मध्ये काय होतं ते मला कळलं. हे पैसे बुडाले तर पुन्हा भिशी लागायला पंधरा महिने जाणार होते, आणि तोवर पोरीचं पहिलं वर्ष संपलं असतं.

म्हणून या वेळी मी विद्यार्थी झालो. दोन आठवडे मिरज आणि सांगलीतल्या दुकानांतून हिंडलो, आणि आकड्यांचा अर्थ विचारायला लाजलो नाही.

आमच्या मिरजेला सतारींचं गाव म्हणतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सतार करणारा कारागीर भोपळा निवडतो तेव्हा तो बोटानं टकटक करून ऐकतो. पॉलिश शेवटी चढतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मी २०२० साली फक्त पॉलिश पाहिलं होतं.

स्वस्त वस्तू स्वस्त का असते? कारण तिच्यातून काहीतरी कापलेलं असतं. गरिबांच्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप करायचा, हे स्वप्न अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली मांडलं. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात या गावच्या छोट्या शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आलेही होते. उन्हात वाचता येईल असा त्याचा पडदा खरोखर नामी होता. पण किंमत शंभरावर थांबली नाही, दोनशे डॉलरच्या घरात गेली. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅब्लेट जाहीर झाला. विद्यार्थ्यांसाठी, किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. पण प्रोसेसर मंद, स्मृती अवघी २५६ एमबी, आणि बोट जोरानं दाबल्याशिवाय न समजणारा पडदा. हेतू दोन्हीकडं चांगला होता. धडा असा, की किंमत आधी ठरवली की कात्री कुठंतरी चालवावीच लागते. तेव्हा स्वस्त लॅपटॉप पारखताना ‘यात काय काय आहे’ हे दुकानदार सांगेलच. आपण विचारायचं ते ‘यात काय कापलंय?’ आणि जे कापलंय, त्यावाचून आपलं चालणार आहे का?

त्यासाठी पहिलं पाऊल दुकानात टाकायचं नाही, घरातच बसायचं. आम्ही जमिनीवर बसून एका वहीत कामं लिहिली. पुतणीला कॉलेजात टॅली आणि एक्सेल लागणार. प्रकल्प मराठीत लिहायचे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे. तिच्या भावाला धड्यांचे व्हिडिओ बघायचे. भावाला वर्कशॉपच्या पतसंस्थेचा हिशेब ठेवायचा. खेळ नाहीत, चित्रपट जुळवणं नाही. एवढी यादी झाली आणि निम्मी निवड तिथंच झाली. क्रोमबुक नावाचा एक स्वस्त प्रकार मिळतो. तो मुख्यतः इंटरनेटवर चालतो, चपळ असतो, आणि २०२१ पासून आलेल्या क्रोमबुकांना दहा वर्षं अपडेट देण्याचं गूगलनं २०२३ साली जाहीर केलं. शाळकरी मुलाला तो पुरेसा आहे. पण टॅली हा संगणकात बसवायचा, विंडोजसाठी केलेला प्रोग्रॅम. म्हणजे आम्हाला विंडोजच हवं होतं. तुमच्या यादीत तसा एखादा प्रोग्रॅम नसेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

आता पोटात काय असतं ते बघू. मला हे आमच्या घरच्या स्वयंपाकघरावरून समजलं. स्वयंपाक करणारी व्यक्ती म्हणजे प्रोसेसर. ओटा म्हणजे रॅम, ज्याला मी स्मृती म्हणतो. आणि फडताळ म्हणजे साठवण. तिन्ही नीट असतील तर जेवण वेळेवर.

ओट्यापासून सुरू करू, कारण कात्री पहिली तिथंच चालते. ओटा लहान असेल तर पोळपाट ठेवण्यासाठी परात उचलावी लागते. संगणकात तेच होतं. एक्सेल उघडं आहे, बाजूला दोन-चार वेबपानं आहेत, शिक्षकांचा व्हिडिओ चालू आहे. ओटा भरला की यंत्र काही वस्तू फडताळात नेऊन ठेवतं आणि लागतील तशा परत आणतं. विंडोज ११ च्या अटींत किमान ४ जीबी लिहिलेले आहेत. पण किमान म्हणजे पेटी सुरू होईल, एवढाच त्याचा अर्थ. माझा अनुभव मी सांगितलाच. विद्यार्थ्याच्या कामाला ८ जीबीच्या खाली जाऊ नये, आणि १६ जीबी मिळत असेल तर सोडू नये. आणखी एक प्रश्न जरूर विचारा, ‘पुढं वाढवता येईल का?’ काही यंत्रांत रॅमसाठी खाच असते, नवी पट्टी बसवता येते. अनेक पातळ, स्वस्त यंत्रांत रॅम थेट बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली असते. तिथं आज ८ घेतलं तर शेवटपर्यंत ८.

फडताळाचे तीन प्रकार. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. तिच्यात जागा भरपूर, पण वस्तू शोधायला वेळ लागतो, आणि हलता भाग असल्यामुळं धक्का बसला की धोका. दुसरा प्रकार ईएमएमसी. ही मोबाईलमधल्या साठवणुकीच्या जातीची, स्वस्त आणि बहुधा बोर्डालाच चिकटवलेली. तिचा वेग सेकंदाला फार तर ४०० एमबीपर्यंत जाऊ शकतो. तिसरा एसएसडी. साधी साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, आणि एनव्हीएमई प्रकारातली त्याच्या कित्येक पट. आकडे लक्षात नाही राहिले तरी हरकत नाही. एवढं ध्यानात ठेवा की बारीकसारीक शेकडो फायली एकदम शोधताना हा फरक कैक पटींनी वाढतो, आणि यंत्र सुरू होताना नेमकं तेच काम चालू असतं. आमच्या २०२० च्या लॅपटॉपात ओटा लहान आणि फडताळ संथ, अशी दोन्ही दुखणी होती. ओटा भरला की सामान फडताळात, आणि फडताळाचं दारच उघडेना. एका दुखण्यानं दुसरं वाढत गेलं. म्हणून नियम साधा : एसएसडी, आणि कमीत कमी २५६ जीबी.

आता स्वयंपाक करणारी व्यक्ती, म्हणजे प्रोसेसर. इथं नावांचा मोठा घोळ आहे. स्वस्त यंत्रांत वर्षानुवर्षं ‘सेलेरॉन’ असायचं. २०२३ पासून नव्या लॅपटॉपांसाठी इंटेलनं ते नाव बंद केलं आणि त्या वर्गाला नुसतं ‘इंटेल प्रोसेसर’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे खोक्यावर ‘इंटेल प्रोसेसर’ वाचून हुरळून जायचं कारण नाही. त्यातल्या त्यात एन१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर जुन्या दोन गाभ्यांच्या सेलेरॉन एन४०२० पेक्षा पुष्कळ बरा. गाभा म्हणजे कोअर, स्वयंपाक करणारे हात म्हणा. इंटेलचाच कोअर आय३-१२१५यू हा सहा गाभ्यांचा आहे, दोन मोठे आणि चार छोटे. तो त्याहून वरचा. एएमडी कंपनीचा रायझन ३ ७३२०यू दिसला तर पहिला ७ बघून भुलू नका. त्या आकड्यांत तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो. तो इथं २ आहे, आणि ती रचना मूळची २०१९ सालची. यंत्र वाईट नाही, विद्यार्थ्याला चालेल. फक्त आपण काय विकत घेतोय ते आपल्याला ठाऊक असावं.

आणि आता एक गंमत ऐका. २०१७ साली इंटेलनं पातळ लॅपटॉपांसाठी आठव्या पिढीचे आय५ काढले. त्याआधीच्या आय५-७२००यू मध्ये दोन गाभे होते, आय५-८२५०यू मध्ये चार झाले. दुसरी गोष्ट, विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलच्या बाबतीत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हा जाहीर झालेलंच होतं. म्हणजे जुन्या यंत्रांच्या बाजारात एक रेघ ओढली गेली होती. रेघेअलीकडं सातवी पिढी, पलीकडं आठवी. किमतीत फरक दोन-तीन हजारांचा, आयुष्यात फरक अनेक वर्षांचा. हे कळलं आणि माझं लक्ष जुन्या यंत्रांकडं गेलं.

मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, अशी त्यांची घराणी. नवे असताना ते साठ-सत्तर हजारांच्या पुढचे असतात. बांधणी दणकट, बिजागऱ्या पक्क्या, आणि बऱ्याच मॉडेलांत खालचं झाकण उघडून रॅम आणि एसएसडी बदलता येतात. व्यापारी ते गठ्ठ्यानं घेतात, साफसूफ करतात, तपासतात आणि विकतात. त्याला ‘रिफर्बिश्ड’ असं भारी नाव आहे. आपण त्याला धुऊन-पुसून ठेवलेलं जुनं म्हणू.

मी हे घरी सांगितलं आणि माझा भाऊ उखडला. ‘भाईजान, भिशीचे पैसे रोख आहेत. माझ्या पोरीनं लोकांनी टाकलेलं का वापरायचं? नवा घ्यायचा. खोकं फोडायचं तिनं स्वतःच्या हातानं.’ यावर मी गप्प बसलो. ईदचे कपडेही ज्यांनी थोरल्या भावाचे उतरवलेले घातले, त्यांना या वाक्यातलं दुखणं कळतं. माझेच उतरवलेले कपडे त्यानं घातले होते. त्याच्याशी आकड्यांनी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हटलं, ‘ठीक आहे. दोन्ही बघू. हात पोरीचे आहेत, ती ठरवील.’

सांगलीतल्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. एका टेबलावर दोन यंत्रं ठेवायला लावली. एक नवं, एकोणतीस हजार नऊशेचं. चार गाभ्यांचा प्रोसेसर, बोर्डावर पक्की केलेली ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एक वर्षाची हमी. दुसरं जुनं, एका नामांकित कंपनीच्या ऑफिसातून आलेलं, साडेएकवीस हजारांचं. आठव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, दुकानाची सहा महिन्यांची हमी.

पहिली परीक्षा पडद्याची. दोन्हींवर पांढरं कोरं पान उघडलं आणि आम्ही दोन्ही बाजूंना बसलो, घरी बहीण-भाऊ बसतात तसे. नव्याचा पडदा समोरून छान, पण बाजूनं रंग फिके, आणि जरा खालून पाहिलं की काळपट. तो टीएन जातीचा निघाला. जुन्याचा आयपीएस, कुठूनही तोच रंग. दोन्ही फुल एचडी होते. अगदी स्वस्तात अजूनही १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे पडदे मिळतात. फुल एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे जवळजवळ दुप्पट ठिपके असतात. एक्सेलमध्ये किती रकाने एकदम दिसतात, तिथं हा फरक कळतो. तासन्तास वाचणाऱ्या डोळ्यांसाठी पडद्यावर केलेली काटकसर मला सगळ्यांत खोटी वाटते.

दुसरी परीक्षा कीबोर्डची, आणि ती माझ्या मर्जीची. मी पुतणीला म्हटलं, ‘लिही, आचार्यांना जेवायला बोलावलं. आता लिही, आचाऱ्यांना स्वयंपाकाला बोलावलं.’ ती हसायला लागली. पण हा विनोद नाही. आचार्य आणि आचारी यांच्यात फक्त एका ‘र’चा फरक आहे, आणि मराठीचा तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘ऱ’ लिहिता आला नाही तर दर्या आणि दऱ्या एकच होऊन बसतात. सरकारमान्य इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून जे ही कळ दाबली की ‘ऱ’ येतो, नंतर डी दाबली की त्याचा पाय मोडतो, मग ‘य’ लिहायचा. विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा घातली की हे मिळतं, फुकट. उच्चाराप्रमाणं रोमन कळांवरून मराठी उमटवणारा कीबोर्डही २०१९ पासून विंडोजमध्ये आहे. विंडोजमधला मंगल हा देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनी घडवला. ते स्वतः कवी आणि सुलेखनकार होते, २००८ साली गेले. आपण सगळे मराठी टाइप करणारे एका कवीच्या हाताखालून गेलेलो आहोत, याचा मला उगीचच अभिमान वाटतो. असो. मुद्दा असा की मराठीसाठी महाग यंत्र लागत नाही. पण कळा चांगल्या लागतात. नव्या यंत्राच्या कळा मधे लवत होत्या, जुन्याच्या घट्ट आणि खोल होत्या. पुतणीनं दोन्हींवर अर्धं पान लिहिलं. नव्यावर सात चुका, जुन्यावर दोन.

तिसरी परीक्षा बॅटरीची. इथं नव्यानं बाजी मारली. बॅटरीवर वॉट-तासांचा आकडा असतो. नव्याची ४२ वॉट-तासांची होती. साध्या कामाला लॅपटॉप तासाला सात-आठ वॉट-तास खातो असं धरलं, तर पाच-सहा तास मिळतात. जुन्याचं काय? विंडोजमध्ये कमांडच्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून, तिरकी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत लिहिलं की यंत्र एक अहवाल तयार करतं. त्यात दोन आकडे बघायचे : बॅटरी नवी असताना किती साठवायची, आणि आता किती साठवते. आमच्यापुढच्या यंत्राचा दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला होता. लिथियमच्या बॅटऱ्या पूर्ण भरण्या-संपण्याच्या तीन-पाचशे फेऱ्यांनंतर थकायला लागतात, हा त्यांचा धर्मच आहे. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, ‘साहेब, दोन-अडीच तास चालेल. नवी बॅटरी घालायची तर अठ्ठावीसशे.’ दिवसभर कॉलेजात वर्गांतून फिरणाऱ्या मुलाला जुनं यंत्र घेताना हा खर्च किमतीत धरलाच पाहिजे.

जुनं घेणाऱ्यांसाठी आणखी चार गोष्टी पटकन सांगतो. यंत्र सुरू होताना पासवर्ड मागत नाही ना, आणि त्यावर आधीच्या कंपनीचं नियंत्रण उरलेलं नाही ना, हे यंत्र पहिल्यापासून मांडून दाखवायला लावून पाहा. सेटिंगमध्ये विंडोज अधिकृत परवान्यावर आहे का ते बघा. सगळ्या खाचांत पेनड्राइव्ह घालून, कॅमेरा, माइक आणि वायफाय लावून बघा. आणि बिल पक्कं घ्या, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्या. नव्या लॅपटॉपच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो, तीस हजारांत साधारण साडेचार हजार. तेवढं देऊन जी हमी मिळते, ती घरी येऊन दुरुस्तीची आहे की यंत्र आपण घेऊन जायचं, हेही विचारा. सेवा केंद्र तीन तासांवर असेल तर प्रत्येक फेरीला एक दिवसाचा रोजगार बुडतो. तो खर्च खोक्यावर लिहिलेला नसतो.

दुकानात शेवटी सगळे पुतणीकडं बघायला लागले. तिनं टॅली उघडून पाहिलं, एक्सेल उघडलं, शेजारी दहा-बारा वेबपानं उघडली. जुन्यावर काही अडलं नाही. नव्यावर पानं बदलताना जरा वाट पाहावी लागली. मग ती वडिलांना म्हणाली, ‘अब्बा, खोकं मी एकदाच फोडणार. कळा मी रोज दाबणार.’ भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं आत आला आणि म्हणाला, ‘बॅटरी मात्र नवी घालायची.’ एकवीस हजार पाचशे आणि अठ्ठावीसशे, म्हणजे चोवीस हजार तीनशे. उरलेले पाच हजार सातशे भावजयीनं परीक्षेची फी आणि बसच्या पाससाठी बाजूला ठेवले.

हे ऐकून कुणी असा अर्थ काढू नये की सगळ्यांनी जुनंच घ्यावं. ज्यांच्या गावात पारखून देणारं कुणी नाही, ज्यांना बिघाड झाल्यावर धावपळ जमणार नाही, त्यांनी नवं घ्यावं, फक्त ८ जीबी, एसएसडी आणि बऱ्या पडद्याचा हट्ट धरून. जुन्याचा जुगार थोडा असतोच. आमच्या यंत्राचा एक यूएसबीचा खाचा सहाव्या महिन्यात ढिला झाला. हमी संपायला आठवडा होता, म्हणून तो फुकट दुरुस्त झाला. आठवडा उशीर झाला असता तर पैसे गेले असते. लिबरऑफिससारखं मोफत साधन असताना ऑफिसच्या परवान्यासाठी वेगळे पैसे घालायचे की नाही, हेही ज्यानं त्यानं आपल्या यादीवरून ठरवावं. आम्ही घातले नाहीत, आणि एक्सेलमुळं कॉलेजात एक-दोनदा फाइल उघडताना रकाने सरकले. तेवढं तिनं चालवून घेतलं, कॉलेजच्या संगणकावर बसून ते नीट केले.

शेवटी त्या २०२० च्या निळ्या लॅपटॉपचं काय झालं, ते सांगून थांबतो. तो कपाटावरून पुतणीनंच खाली काढला. त्यातलं विंडोज पुसून टाकलं आणि हलक्या जातीचं लिनक्स घातलं. ते मोफत असतं आणि कमी जागेत बसतं. इंटरनेट त्यावर अजूनही कुथतं. पण नुसतं लिहायला तो चालतो. आता तो माझ्या टेबलावर आहे आणि हे भाषण मी त्यावरच लिहिलं. पुतणीनं तो मला आणून दिला तेव्हा एवढंच म्हणाली, ‘बडे अब्बा, तुमच्या कामाला हा पुरेल. तुम्हाला परीक्षा द्यायची नाही.’